चळवळीच्या कागदांची पेटी उघडण्याआधी

गोवा विमोचन सहायक समिती आणि संयुक्त महाराष्ट्र समितीची पत्रकं, पावत्या, सत्याग्रहींच्या याद्या आजही कितीतरी घरांच्या माळ्यावर पडून आहेत. त्या एखाद्या अभिलेखागाराला द्यायच्या असतील तर कागद विषयवार लावत बसू नका. कार्यकर्त्याने ते ज्या क्रमाने ठेवले तो क्रम हासुद्धा पुरावाच असतो. यादीला टाचलेली एसटीच्या खर्चाची पावती त्या यादीबरोबर राहिली, तरच ती कोणत्या तुकडीची हे कळतं. म्हणून गठ्ठा सोडण्याआधी त्याचा फोटो काढा आणि प्रत्येक कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला. बॉलपेन नको.

पेटी कोरड्या दिवसांत उघडा. बुरशी दिसली तर मास्क लावा आणि तो गठ्ठा बाजूला ठेवा. उन्हात वाळवू नका, शाई उडते. सावलीत, हवेशीर जागी पूर्ण सुकू द्या, मग घराबाहेर मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडा. ओली बुरशी झाडली तर ती कागदात आणखी मुरते.

गंजलेली स्टेपलची पिन ओढून काढू नका. मागून पातळ पात्याने तिचे पाय सरळ करा, मग वरून उचला. जुना सेलोटेप तसाच राहू द्या, तो कागदाचा थर घेऊनच निघतो. लॅमिनेशन तर कधीच नको, ते पुन्हा सुटत नाही. सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून प्रती काढलेल्या) परिपत्रकांचा आणि कात्रणांचा कागद आम्लधर्मी असतो. शेजारचा कागदही तो पिवळा करतो. मध्ये आम्लरहित कागद घाला.

खरं कसब लागतं ते तारीख लावायला. सभेच्या पत्रकावर ‘येत्या रविवारी सायंकाळी’ एवढंच असतं, साल नसतं. वार आणि तारीख दोन्ही असतील तर जुन्या पंचांगावरून साल पुष्कळदा निघतं. किंमत ‘नये पैसे’ (दशमान नाण्यांचं सुरुवातीचं नाव) अशी असेल तर छपाई १ एप्रिल १९५७ नंतरची. ‘आणे’ मात्र पक्का पुरावा नाही, लोक नंतरही आण्यांतच बोलत. ‘मुंबई राज्य’ हे चालू राज्य म्हणून आलं असेल तर मजकूर १ मे १९६० पूर्वीचा. पत्त्यात पिनकोड दिसला तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, बहुधा स्मरणिका. तळाचं मुद्रकाचं नावही टिपा. १८६७ च्या कायद्याने ते छापणं बंधनकारक होतं आणि एकाच छापखान्याची पत्रकं त्यावरून जुळवता येतात. अंदाजाने ठरवलेली तारीख नेहमी चौकटी कंसात लिहा, म्हणजे पुढचा संशोधक फसणार नाही.

स्कॅनिंग सपाट काचेच्या स्कॅनरवर करा, कागद ओढून घेणाऱ्या यंत्रात नाही. पत्रकांना ४०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), फोटोंना ६००. मूळ फाइल टिफ (TIFF) या प्रकारात. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. भाषणांच्या कॅसेट असतील तर वाजवण्याआधी वरच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लॅस्टिक पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर नवं रेकॉर्डिंग होणार नाही.

कागद सोपवताना करार लेखी हवा: मालकी कुणाची, स्वामित्वहक्क कुणाकडे, वाचकांना कधीपासून खुलं, आणि नकोसे झालेले कागद परत करायचे की नष्ट. भूमिगतांना आसरा देणाऱ्यांची नावं-पत्ते असतील तर ती पानं स्वतंत्र पाकिटात ठेवा, ती काढल्याची चिठ्ठी मूळ जागी ठेवा, आणि पाकीट किती वर्षं बंद राहील हे करारात लिहून घ्या.