घाईच्या दिवसांत हुमण का बिघडतं? या चुका टाळा

दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात हुमण, म्हणजे गोव्याकडची खोबऱ्याच्या वाटणातली माशांची आमटी, बिघडायला सुरुवात होते ती स्कूटरच्या डिकीत. बाजारातून बांगडे घेतले, मग भाजी, मग मुलाला क्लासमधून आणायचं, वाटेत औषधाचं दुकान. तासभर पिशवी उकाड्यात. घरी आल्यावर वास येत नाही, म्हणजे मासळी ताजीच आहे असं आपण धरून चालतो.

बांगडा, तार्ली, इसवण (सुरमई) यांच्या बाबतीत नाकावर एवढा विश्वास ठेवू नका. हे मासे गरम राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि ते एकदा तयार झालं की शिजवून, तळून किंवा फ्रीझ करून जात नाही. जेवल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं दुखणं असं झालं की मुलाला माशाची ॲलर्जी आहे असं घरात ठरून जातं. पुष्कळदा दोष त्या तासाभराच्या उकाड्याचा असतो. (त्रास जास्त वाटला, श्वासाला जड गेलं तर मात्र घरी अंदाज बांधत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा.)

म्हणून मासळी सगळ्यात शेवटी घ्या आणि मासळीवालीकडून मूठभर बर्फ मागून घ्या, ती आनंदाने देते. घरी आल्यावर कपडे बदलण्याआधी कल्ले आणि पोटातली घाण काढून मासे धुवा, पाणी निथळू द्या, मग झाकणाच्या डब्यात फ्रीजच्या सगळ्यात थंड खणात ठेवा. आज करणार नसाल तर एका जेवणापुरते वेगवेगळे बांधून फ्रीझरमध्ये. किलोभर मासळी एकाच पिशवीत गोठवली तर दोन तुकड्यांसाठी सगळा गोळा सोडवावा लागतो. तो ओट्यावर ठेवून कामावर जाणं ही पुढची चूक. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात काढून ठेवा. विसरलात तर बंद पिशवी थंड पाण्यात बुडवा.

आता वाटप, म्हणजे रश्शाचं वाटण. आठवड्याचं वाटप रविवारी एकदम करून फ्रीजमध्ये ठेवायची युक्ती सगळे सांगतात, पण ओल्या खोबऱ्याचं वाटप दोनेक दिवसांतच उतरतं. त्यापेक्षा खोबरं खवून वाटी-वाटीचे पुडे फ्रीझरमध्ये टाका आणि धणे-मिरच्या रात्री भिजत घाला. सकाळी मिक्सर फिरवायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं मात्र पुरती द्या. अर्धवट वाटलेलं खोबरं कितीही उकळलं तरी मिळून येत नाही, पाणी वर आणि चोथा खाली बसतो. घाईत एकदम पाणी ओतलं की पात्याखाली खोबरं नुसतं फिरत राहतं. आधी थोड्या पाण्यात बोटाला खर लागणार नाही इतकं बारीक करा, मग सैल करा.

मिक्सर चालूच आहे म्हणून तिरफळंही त्यातच टाकणारे आहेत. हुमण कडू होतं ते त्यामुळे. तिरफळाचं काळं बी काढून टाका, टरफल जरासं ठेचा आणि बांगडे घालताना वरून सोडा. रस्सा उकळल्यावरच मासे घाला. पाच-सात मिनिटं पुरे, आणि त्यात डाव घालू नका. भांडं दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून हलकेच गोल फिरवलं की रस्सा माशांवर चढतो, तुकडा मोडत नाही.

शिवराकाच्या, म्हणजे मासळी न खाण्याच्या, दिवशी वेगळीच अडचण येते. तोणाकाचे (खोबऱ्याच्या वाटणातल्या उसळीचे) वाटाणे तीन शिट्ट्यांनंतरही टणक! भिजवायला विसरणं हे एक कारण, पण नीट भिजवलेलं कडधान्यही सोलं (आमसुलं) किंवा चिंच आधी घातली तर मऊ व्हायला फार वेळ घेतं. आंबट नेहमी शिजल्यावर. रविवारी जास्तीचं कडधान्य भिजवून, निथळून पुडे करून गोठवलंत तर आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी भिजवणं आठवायची गरजच राहत नाही.

उकड्या तांदळाला कोलमचं माप लावू नका, त्याला पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतं. रात्री भिजवून ठेवलात तर सकाळी गॅस वाचतो आणि मुलांची पेजही लवकर होते. उरलेलं शीत (भात) रात्रभर ओट्यावर झाकून ठेवणं मात्र सोडाच. भातात उकळूनही न मरणारे जिवाणूंचे बीजाणू असतात. उबेत ते वाढतात, आणि त्यांचं एक विष सकाळी फोडणी दिली तरी टिकतं. ताटात पसरून निववा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा.

पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेले उंडे (गोल पाव) उरले की आपण सवयीने फ्रीजमध्ये ढकलतो, आणि ते दुसऱ्या दिवशी वातड होतात. फ्रीजच्या थंडाव्यात पाव बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण घालून गरम करा. पोईलाही (कोंड्याच्या पावालाही) हेच लागू.

गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवलेली) सुकी मासळी डबाबंद असणंच बरं. ओल्या हाताने डबा उघडलात तर पावसाळ्याच्या दमट हवेत गालम्याला (सुक्या जवळ्याला) बुरा येतो. बुरा आलेली सुकी मासळी धुऊन, पुन्हा भाजून वापरू नका, टाकून द्या. पुढच्या वेळी भरण्याआधी कडक ऊन दाखवा, छोट्या बरण्यांत वाटून ठेवा आणि रोजच्या वापराची तेवढी एकच उघडा.