मुलांना शिकारी प्राणी समजावताना

सुरुवात वाघ-सिंहापासून करू नका. भिंतीवरची पाल त्याहून बरी, कारण ती मुलाला डोळ्यांसमोर शिकार करताना दिसते. रात्री दिव्याजवळ मुलाला घेऊन दहा मिनिटं गप्प उभे राहा. पाल थांबते, दोन बोटं पुढे सरकते, पुन्हा थांबते. पतंग टप्प्यात आला की एकच झेप. कधी नेम चुकतो आणि पतंग उडून जातो. तो चुकलेला नेम मुलाला आवर्जून दाखवा. सिंहाच्याही बहुतेक शिकारी हातच्या निसटतात, हे मग सहज पटतं.

पुढची पायरी चित्रांची. ‘डोळे कुठे आहेत?’ एवढंच विचारा. मांजर, बिबट्या, घुबड यांचे डोळे समोर असतात, म्हणून सावज किती लांब आहे याचा अचूक अंदाज येतो. ससा आणि हरणाचे डोळे बाजूला. चरता चरताही जवळजवळ चहूकडे लक्ष राहतं. कारण मुलांनाच शोधू द्या. मगरीचे डोळे डोक्यावर का, हे कुणीतरी विचारेलच. तिला पाण्यात अंग लपवून दबा धरायचा असतो.

भक्षक आणि भक्ष्य हे शब्द आता द्या. बेडूक किडे खातो, बेडकाला साप खातो, सापाला गरुड.

‘बिचारं हरीण!’ म्हणून मूल रडवेलं झालं, तर तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘निसर्गाचा नियमच आहे’ म्हणत विषय तोडू नका. ‘मलाही वाईट वाटतं’ असं आधी म्हणा. मग सांगा, वाघ गवतावर जगू शकत नाही, आणि त्याचीही पिल्लं भुकेली असतात. ‘दुष्ट’ हा शब्द मात्र कटाक्षाने टाळा. गोष्टींतल्या लबाड लांडग्याने खऱ्या लांडग्यांचं फार नुकसान केलं आहे.

मोठ्या मुलांना समुद्री पाणमांजराची हकिगत सांगा. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर फरसाठी त्यांची बेसुमार शिकार झाली. १९११ मध्ये या शिकारीला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यानंतर ती थांबू लागली. पाणमांजर जिथे नाहीसं झालं, तिथे त्याचं खाद्य असलेले काटेरी सी-अर्चिन वाढले आणि त्यांनी केल्प या समुद्री शैवालाची जंगलं फस्त केली. त्या जंगलांत आसरा घेणाऱ्या माशांचं काय झालं असेल, हे मुलांनाच विचारा.

शिकारीचे व्हिडिओ सगळ्यात शेवटी, आणि आधी तुम्ही एकट्याने पाहून.