तलावाचा काठ आणि आखर वाचवायची असेल तर

आमचं गाव साकोली तालुक्यातलं, जिल्हा भंडारा. गावाला लागून मालगुजारी तलाव आहे, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, मालगुजारांनी बांधलेला. तलावाच्या गावाकडच्या काठावर आखर, म्हणजे सकाळी गुरं जमायची मोकळी जागा. तिथेच पोळा भरतो, दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्रभर दंडार हे लोकनाट्य चालते, शारदेचं विसर्जन होतं आणि मयतीहून परतलेली माणसं आंघोळीला उतरतात. दोन हेक्टरही भरणार नाही एवढी जागा. पण ती मोठ्या रस्त्यावरून दिसते, म्हणून एका मे महिन्यात दोन गाड्या आल्या आणि टेप लागला. लग्नाचं लॉन, समोर गाळे, पुढे पाण्यात बोटी, असा बेत होता.

मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते. तीन वर्षांत जे शिकले ते लिहून ठेवते आहे, कारण आजूबाजूच्या चार-पाच गावांतून बाया विचारायला येतात आणि प्रत्येकीला तेच सांगावं लागतं.

सुरुवात मोर्चाने करू नका, कागदाने करा. मुंबईकडे समुद्रकाठासाठी १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे, तिच्यावर वाद घालता तरी येतो. आपल्या तलावाच्या काठाला असं तयार कवच नाही. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, पण सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव त्या व्याख्येतून वगळले आहेत. आमच्या पहिल्या अर्जात एका शिकलेल्या मुलाने तेच नियम घातले, आणि समोरच्या वकिलाने एका ओळीत अर्ज उडवला. मालगुजारी तलाव बांधलाच मुळी धानाला पाणी देण्यासाठी. तेव्हा ती वाट सोडा. आपलं कवच वेगळं आहे, त्याचं नाव निस्तार, म्हणजे गावाचा सामायिक वापराचा हक्क.

मालगुजारी गेली ३१ मार्च १९५१ ला. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे तलाव, आखर, पडीत, रस्ते सरकारकडे आले. गावाचा वापर मात्र संपला नाही. गुरं चारणं, पाणी पाजणं, माती नेणं हे हक्क निस्तार पत्रकात उतरवले गेले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ निस्तार पत्रकाचं आहे आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जचं, म्हणजे गावाच्या वहिवाटींच्या नोंदीचं. जागा सरकारी असेल तर निस्तार पत्रक बघायचं. तलाव किंवा वाट खाजगी नंबरात असेल तर वाजिब-उल-अर्ज. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या अधिकाऱ्याला हे शब्द कधीकधी नवे असतात, म्हणून कलमाचा आकडा अर्जात लिहाच.

आता काय काय काढायचं ते सांगते. त्या गटाचा आजचा सातबारा. त्याच गटाचे जुने हस्तलिखित सातबारे, जितके मागे जाता येईल तितके. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. गाव नकाशा. निस्तार पत्रक. आणि त्या गटावरचे सगळे फेरफार. नकाशा तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मिळेल, बाकीचं तहसीलच्या अभिलेख कक्षात. पटवाऱ्याकडे तोंडी विचारू नका. आमच्या पटवाऱ्याने तोंडी सांगितलं, ‘पडीत आहे, काही नोंद नाही.’ आणि आजच्या सातबाऱ्यावर खरंच काही नव्हतं. पण जुन्या हस्तलिखितावर शेऱ्याच्या रकान्यात शाईने स्पष्ट लिहिलेलं सापडलं, ‘आखर, निस्ताराकरिता’. संगणकावर उतरवताना ते दोन शब्द सुटले होते. त्या दोन शब्दांसाठी आम्ही संहितेच्या कलम १५५ खाली, म्हणजे लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी, तहसीलदारांकडे अर्ज केला. सोबत जुन्या सातबाऱ्याची प्रमाणित नक्कल जोडली. वेळ लागला, पण नोंद परत आली. माझ्या मते सगळ्या लढाईतला हा एक अर्ज सर्वांत मोलाचा. तुमच्यावर अजून कोणाची नजर पडली नसेल तर हे काम आजच करा. वादाच्या आधी दुरुस्ती मागणाऱ्याला कोणी अडवत नाही.

नकला सरळ मिळाल्या नाहीत तर माहितीचा अधिकार. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. प्रश्न विचारत बसू नका. ‘ही जागा का दिली?’ असं विचारलं की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर येतं. कागदाचं नाव घेऊन नक्कल मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिकीट २० रुपयांचं. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, आपल्यासाठी नागपूर खंडपीठ, वऱ्हाडातल्यांना अमरावती. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. माझ्याकडे पोचांची एक जाड फाइल आहे. सुनावणीत तीच उपयोगी पडली.

ग्रामसभेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण जागा जाते ती इथूनच. आमच्याकडे झालं असं. मासिक सभेत मी हजेरीच्या रजिस्टरवर सही केली, चहा झाला, तीन-चार विषय झाले, सभा संपली. महिनाभराने नक्कल काढली तेव्हा प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लॉनसाठी जागा देण्याचा ठराव ‘सर्वानुमते’ लिहिलेला होता, आणि त्या सर्वांमध्ये मी होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी हरकत दिली, गटविकास अधिकाऱ्यांना प्रत पाठवली. तेव्हा हे लक्षात ठेवा, मासिक सभेचा ठराव वेगळा आणि ग्रामसभेचा वेगळा. सभा उठण्याआधी ठराव लिहून वाचून दाखवायला सांगा. खालच्या रिकाम्या जागेवर रेघ मारायला लावा. मोबाइलमध्ये पानाचा फोटो घ्या.

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती कागदावरच होत असे. आम्ही ती खरी घेतली, तलावाच्या काठावरच. ८० बाया होत्या. पाण्याला कोण जातं, गाई कोण नेतं, कपडे कुठे धुतात, मयतीचं न्हाणं कुठे होतं, सगळं एकेकीने सांगितलं आणि आम्ही ते ठरावात नावनिशीवार लिहिलं. ‘मोकळी जागा वाचवा’ एवढंच लिहिलेला ठराव पोकळ असतो. वापर लिहा. निस्तार म्हणजेच वापर. आणि एक सावधगिरी ठेवा, ग्रामपंचायतीच्या विनंतीवरून जिल्हाधिकारी निस्तार पत्रकातली नोंद बदलूही शकतात. म्हणून तसा ठराव गुपचूप जात नाही ना, यावर दर महिन्याला लक्ष हवं.

मासेमारी करणाऱ्या धिवर बांधवांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. त्यांच्या मत्स्य सहकारी संस्थेकडे तलावाचा ठेका असतो, त्यामुळे त्यांची हरकत कागदावर वजनदार ठरते. तलावाखालच्या बांध्यावाल्यांनाही, म्हणजे धानाची शेती असलेल्यांनाही घ्या. काठावर भराव पडला की तलावाचं पोट कमी होतं, सलंग, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, लवकर वाहते आणि शेवटच्या पाण्याला धान वाळतं, हे त्यांना दोन मिनिटांत कळतं. १०० हेक्टरपर्यंत सिंचन असलेला तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतो, तेव्हा हरकतीची एक प्रत तिथे गेलीच पाहिजे. आम्ही हे सहा महिने विसरलो होतो.

पाण्याची हद्द पावसाळ्यात धरा. टेप लावणारे मे महिन्यातच येतात, कारण तेव्हा पाणी आत गेलेलं असतं आणि भेगाळलेली जमीन दाखवून ‘इथे कुठे तलाव आहे?’ असं म्हणता येतं. आम्ही भाद्रपदात, सलंग वाहत असताना, पाणी जिथे टेकलं तिथे चुन्याची रेघ मारली, दर ३० पावलांवर खुंटी ठोकली आणि तारीख व ठिकाण दाखवणारे फोटो काढले. पाटबंधारेच्या माणसाला बोलावून पंचनामा करवला. लॉनच्या नकाशातला अर्धा मंडप त्या रेघेच्या आत, पाण्यात निघाला.

न्यायालयाचे दोन निकाल अर्जात जोडा. २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य. पटियाला जिल्ह्यातल्या एका गावाचा तलाव भरून लोकांनी घरं बांधली होती, पैसे घेऊन ते कायम करावं अशी मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली आणि गावाच्या सामायिक जागांवरची अतिक्रमणं काढायची योजना करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. दुसरा १३ डिसेंबर १९९६ चा, हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या हॉटेलाचा. त्यात न्यायालय म्हणालं की समुद्रकिनारा, वाहतं पाणी, जंगल यांचं सरकार मालक नसून विश्वस्त आहे.

अतिक्रमण झालेलंच असेल तर संहितेचं कलम ५० आणि ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ बघा. करणारा सदस्य असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) खाली तो अपात्र ठरू शकतो. हे कलम मी कोणावर वापरलं नाही. नुसतं वाचून दाखवलं, तेवढ्याने एक तारेचं कुंपण रातोरात निघालं.

आता अवघड भाग. गाळे मागणारी पोरं आपलीच असतात. त्यांना हाताला काम हवं आहे आणि ते मागण्यात त्यांची काही चूक नाही. त्यांना गावाचे वैरी म्हणून हिणवलं की ती लॉनवाल्याच्या बाजूला जातात. आम्ही त्यांच्यासोबत बसून गावठाणातली दुसरी जागा शोधली, बस थांब्याजवळची, जिथे गिऱ्हाईकही जास्त येतं. सात गाळ्यांचा प्रस्ताव तिकडे गेला आहे. यात आमचं एक वर्ष गेलं, पण त्याच पोरांनी गेल्या मंडईत आखरीवरचा पालापाचोळा उचलला.

लॉनचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. त्याआधी सलंग वाहायला लागेल, तेव्हा पुन्हा चुना आणि खुंट्या घेऊन जायचं आहे. गेल्या वर्षीच्या खुंट्यांपैकी ११ जागेवर आहेत, बाकीच्या गुरांनी पाडल्या, म्हणून यंदा दगड रोवायचं ठरलं आहे.