प्रवाळाच्या टाकीत आधी केएच सांभाळा

आमच्या बेळगावच्या वडगावातल्या घराच्या पुढच्या सोप्यात चार फुटांची, प्रवाळाची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. याच सोप्यात पूर्वी आप्पांच्या रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत असायच्या. आप्पा सूत रंगवायचे. मीठ आणि सोडा तोलून घ्यायचे, आणि सोडा एकदम कधी टाकायचे नाहीत. एकदम टाकला की रंग डागाडागांनी बसतो आणि सगळी लडी वाया जाते. टाकीचं पाणी सांभाळताना मला त्यांचा हात रोज आठवतो, कारण इथंही मीठ आणि सोडाच आहे आणि घाई केली की नुकसान ठरलेलं. सोड्यानं सांभाळायचा तो केएच, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा.

पहिलं काम, टाकीत खरं पाणी किती आहे ते मोजा. काचेच्या मापावरून माझ्या टाकीचा हिशेब २४० लिटरच्या वर जातो. पण दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा करून, खालच्या संपमधलं (गाळणीच्या टाकीतलं) पाणी धरून, बादलीनं मोजत भरलं तेव्हा २०० लिटर भरलं. पुढचा प्रत्येक ग्रॅम याच आकड्यावर ठरतो.

पाणी कुठलं, हा त्यानंतरचा प्रश्न. बेळगावला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं. प्यायला ते चांगलं, प्रवाळाला मात्र थेट चालत नाही. बोअरचं तर नकोच, उकळलं की भांड्याला पांढरा थर धरतो तेच. स्वयंपाकघरातल्या आरओवरही भिस्त ठेवू नका. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा खनिजं घालतात. टाकीसाठी साधा आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य आला पाहिजे. ते पाणी प्लॅस्टिकच्या पिंपातच साठवा. तांब्याचा हंडा, बंब, पितळी तोटी यातलं काहीही मध्ये येऊ देऊ नका. तांब्याचा अंश कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना मारतो.

चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणून काही जण कॅन भरून समुद्राचं पाणी आणतात. मी आणत नाही. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, त्यामुळे तिथल्या काठच्या पाण्याचा खारेपणा पावसाळ्यात पार उतरतो, आणि किनाऱ्याच्या पाण्यात आणखी काय मिसळलंय हे डोळ्यांनी कळत नाही. येताना प्रवाळाचा तुकडा तर अजिबात उचलू नका. आपल्याकडचे कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, समुद्रातून ते काढणं गुन्हा आहे. माझ्याकडे लेदर, मशरूम, झोअँथस असे मऊ प्रवाळच आहेत, आणि दगडांवर कोरलाईन शेवाळाचा जांभळट-गुलाबी थर आहे.

रीफचं, म्हणजे प्रवाळाच्या टाकीचं, तयार मीठ लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागतं. पाण्यात मीठ घाला, पंप लावून रात्रभर फिरू द्या. खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे २५ अंशांना सापेक्ष घनता १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायची दुर्बीण, ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवलं म्हणून वरचा आकडाही बरोबर असेल असं नाही. खारेपणा चुकला तर कॅल्शियम, केएच, मॅग्नेशियम सगळेच आकडे त्याच्याबरोबर सरकतात, म्हणून तो जुळेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

आता केएच. पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा म्हणजे केएच, तो अंशांत मोजतात. प्रवाळ आणि कोरलाईन शेवाळ हा साठा आणि कॅल्शियम मिळून आपला सांगाडा बांधतात. दोन्ही एकत्र खर्च होतात, पण केएच २.८ नं उतरतो तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएमनं (दहा लाखांत २० भागांनी) उतरतं. हिशेब करून बघा. केएच ८ वरून ५.२ वर आला म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त साठा गेला. तेवढ्यात कॅल्शियम ४२० वरून जेमतेम ४०० वर आलेलं असतं. म्हणून रोज बघायचा तो केएच. कॅल्शियम मी आठवड्याला बघतो, ४०० ते ४५० मध्ये ठेवतो. मॅग्नेशियम महिन्याला, १२५० ते १३५०. ते कमी पडलं की केएच आणि कॅल्शियम पाण्यात टिकत नाहीत, सहज साका होऊन बसतात.

रोजचा खर्च असा काढा. तीन दिवस काहीही घालू नका, फक्त मोजा, आणि वेळ एकच ठेवा. मी संध्याकाळी सात वाजता मोजतो. केएच मोजायच्या किटच्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दिव्याखाली रंग फसवतो, म्हणून नळी पांढऱ्या कागदासमोर धरून एकाच उजेडात बघा. माझे आकडे आले ८.४, ८.१, ७.८. म्हणजे दिवसाला ०.३. शंभर लिटरला १ केएच चढवायला खाण्याचा सोडा साधारण ३ ग्रॅम लागतो. माझ्या २०० लिटरला ६ ग्रॅम, आणि ०.३ साठी १.८ ग्रॅम. पाकिटावर फक्त सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं असावं, बेकिंग पावडर नको. सोनारी पद्धतीचा छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्यानं मोजू नका. पेलाभर आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडा, अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. कॅल्शियम क्लोराईड घालायचं असेल तर वेगळ्या पेल्यातून आणि काही तासांच्या अंतरानं.

हे अंतर मी एकदा पाळलं नाही. निपाणीला लग्नघरी आठ दिवस राहून परतलो, केएच ६ च्या आसपास आला होता. मी घाबरलो. एकाच संध्याकाळी १८ ग्रॅम सोडा घातला आणि त्याच्या मागोमाग कॅल्शियम क्लोराईड. पाणी ताकासारखं झालं. दुसऱ्या दिवशी हीटरवर आणि पंपावर पांढरा थर धरला होता. जे वाढवायला गेलो तेच साका होऊन खाली बसलं होतं. लेदर नऊ दिवस मिटून राहिला. त्याच्यासमोर बसून मी रोज बघत होतो, दुसरं काही करता येत नव्हतं. तेव्हापासून दिवसाला ०.५ हून जास्त केएच मी चढवत नाही, कितीही उतरलेला असो.

पीएचच्या मागे धावू नका. मागच्या जुलैत खानापूरहून एका पोराचा फोन आला. "काका, पीएच सात पूर्णांक आठ आलाय, बफर टाकू काय?" मी विचारलं, केएच किती? "साडेआठ." म्हटलं, "मग काही टाकू नको. खिडकी उघड." आपल्याकडे पाऊस लागला की दारं-खिडक्या बंद होतात, घरात माणसं, गॅस पेटलेला. खोलीतला कार्बन डायऑक्साईड वाढतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. बफर, म्हणजे पीएच चढवायची पावडर, घातला असता तर केएच उगीच चढला असता. त्यानं तासभर खिडकी उघडी ठेवली, पीएच ८ च्या वर गेला.

नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढं असू द्या. दोन्ही शून्यावर नेलं की प्रवाळ उपाशी राहतात.

वर्षभरानंतर मी रोजच्या सोड्याऐवजी चुन्याच्या पाण्यावर आलो. त्यातून केएच आणि कॅल्शियम दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. चुना म्हणजे शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साईड, पानपट्टीचा नव्हे. डोळ्यांत आणि हातावर उडू देऊ नका, फार जहाल असतो. टाकीतून मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं. जेवढं उडतं तेवढं शुद्ध पाणी रात्रभर थेंब-थेंब भरायचं, त्यातच हा चुना. माझ्या ०.३ केएचच्या खर्चाला रोज ०.८ ग्रॅम लागतो.

यात आपल्या हवेची एक अडचण आहे. एप्रिलात माझ्या टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी उडतं, पाऊस लागला की पाऊण लिटरही उडत नाही. चुन्याचं पाणी उन्हाळ्यासारखंच पातळ ठेवलं तर टाकीला चौथा हिस्साच चुना मिळतो आणि केएच रोज थोडा-थोडा उतरत जातो. पहिल्या वर्षी हे माझ्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले. आता जूनमध्ये मी पाणी कमी करतो, चुना तेवढाच ठेवतो: पाऊण लिटरला ०.८ ग्रॅम. लिटरला दीड ग्रॅमपर्यंत तो विरघळतो, त्यामुळे अडत नाही. थेंबांचा वेग मात्र निम्म्याहून कमी करावा लागतो. वेग बदलल्यावर आठवडाभर संध्याकाळी सातचा केएच चुकवत नाही, आणि ऑक्टोबरात ऊन पडलं की हेच सगळं उलट करतो.