घाटात स्टीम इंजिन किती ओढेल हे घरबसल्या कसं काढायचं

कॅल्क्युलेटर घ्या. सिलिंडरचा व्यास इंचात, त्याचा वर्ग, गुणिले स्ट्रोक (पिस्टनची धाव, इंचात), गुणिले बॉयलर प्रेशर (दर चौरस इंचाला पौंड), गुणिले ०.८५ आणि शेवटी भागिले चालत्या चाकाचा (वाफेच्या जोरावर फिरणाऱ्या) व्यास इंचात, झाली दोन सिलिंडरची ओढ पौंडात. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक कंपनीच्या बिग बॉय इंजिनाला (१९४१) चार सिलिंडर म्हणून उत्तर दुप्पट करायचं. व्यास २३.७५, स्ट्रोक ३२, प्रेशर ३००, चाक ६८, म्हणजे १,३५,३७५ पौंड, साधारण ६१,४०० किलो.

आता चढ. दर १ टक्का चढाला टनामागे १० किलो ओढ जाते, वर चाकांच्या घर्षणाचे ४ किलो धरा. युटाहच्या वासाच डोंगरात चढ १.१४ टक्के, म्हणजे टनामागे १५.४ किलो. ६१,४०० ला त्याने भागलं की ३,९८७ टन येतात, त्यातून इंजिन आणि टेंडरचे (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) ५४० वजा करा (हे सगळेच विसरतात!), उरली ३,४५० टनांची मालगाडी. कंपनीने डिझाइन केलं होतं ३,६०० अमेरिकन टनांसाठी, म्हणजे आपले ३,२७० च्या आसपास, तेव्हा हिशोब बरोबर बसतो. हेच इंजिन आपल्या खंडाळ्याच्या ३७ ला १ चढावर (२.७ टक्के) धरलं तर गाडी १,४४० टनांवर येते, उगाच नाही कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावत.

मग चाकं घसरतील का ते बघा. चालत्या चाकांवरचं वजन भागिले ओढ, उत्तर ४ च्या आसपास हवं, त्याच्या बरंच खाली गेलं की इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसणार.

पण खरी मेख वाफेत आहे, आणि प्रयोगाची इंजिनं बहुतेक इथेच गंडतात. अमेरिकेतल्याच ईरी रेल्वेचं १९१४ चं ट्रिपलेक्स इंजिन घ्या, काम आपल्या बँकरचंच, चढावर मागून ढकलायचं. टेंडरखालीसुद्धा चालती चाकं, सहा सिलिंडर प्रत्येकी ३६ इंचांचे, ओढ १,६०,००० पौंड म्हणजे बिग बॉयपेक्षा जास्त, आणि जवळपास सपाट रुळावर २५० भरलेले डबे ओढूनही दाखवले. पण सिलिंडर सहा आणि बॉयलर एकच, कोळशाची जाळी ९० चौरस फूट, बिग बॉयची १५०. त्यात मागच्या सिलिंडरांची वाफ टेंडरमागून बाहेर, म्हणजे धुराड्यातून आग फुलवायला उरली निम्मीच. ताशी १६ किमीच्या वर गेलं की वाफ संपली. शिवाय टेंडरमधलं पाणी कमी होईल तसं मागच्या चाकांवरचं वजनही कमी, म्हणून वजन भरल्या आणि रिकाम्या टेंडरचं दोन्ही धरा. कंपाउंड इंजिनाला वरचं सूत्र जसंच्या तसं लावू नका, त्यात तीच वाफ दोनदा वापरतात.

नॉरफोक अँड वेस्टर्न या अमेरिकन रेल्वेच्या जॉन हेन्री इंजिनाला (१९५४) तर ते सूत्र लागूच नाही, कारण पिस्टनच नाहीत. वाफेवर टर्बाइन, त्यावर जनरेटर आणि चाकांना मोटरी. ओढ जबरदस्त, १,७५,००० पौंड, पण कोळशाची धूळ मोटरींत शिरायची आणि ते परत शेडमध्ये.