कंट्रोल उंदराच्या आतड्यात काय होतं

दिवाळीत यावलला घरी गेले की जळगाव-भुसावळकडची एम.एस्सी.ची दोन-चार पोरं भेटायला येतातच. "ताई, इम्युनॉलॉजीत पीएच.डी. करायचीये, कोणतं मशीन शिकून ठेवू?" मी म्हणते, ताज्या नमुन्याची ओली स्लाइड (थेंब न वाळवता, न रंगवता थेट मायक्रोस्कोपखाली) बघायला शिक. पोरांचा चेहरा पडतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी काम करते ते आतड्यातल्या जंतांवर. जीवाणू असेल तर पांढरी पेशी त्याला गिळून टाकते. पण सेंटिमीटरभर लांबीचा जंत कोण गिळणार? म्हणून शरीर त्याला मारण्यापेक्षा बाहेर लोटायला बघतं. आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी नावाच्या थोड्याशा पेशी विखुरलेल्या असतात. जंताची चाहूल त्यांना लागते आणि त्या आयएल-25 नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडतात. हे कळलं 2016 मध्ये, म्हणजे अगदी अलीकडे. त्या इशाऱ्याने आयएलसी-2 या प्रतिकारशक्तीच्या पेशी जाग्या होऊन आयएल-13 हे दुसरं इशाऱ्याचं प्रथिन सोडतात. मग चिकट स्राव वाढतो, आतड्याचे स्नायू जोर लावतात आणि टफ्ट पेशीही कितीतरी पटींनी वाढतात. उंदरातला निप्पोस्ट्राँगिलस जंत अशा रीतीने दहा-बारा दिवसांत बाहेर पडतो. माणसाच्या पोटातला हुकवर्म मात्र वर्षानुवर्षं रक्त पीत राहतो.

हा फरक मला पहिल्यांदा केळीच्या बागेत टोचला. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी बागेत राबणाऱ्या बायांकडून शौचाचे नमुने गोळा करत होते. आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्या रानात हुकवर्मची अळी वाळून मरते. पण केळीच्या गर्द सावलीत, ठिबकच्या ओलीवर तिचं काय होत असेल? आणि बाया तिथे अनवाणी, अळी तर पायाच्या कातडीतूनच आत शिरते. डबी हातात दिली की "हे कायले व माय?" असं विचारायच्या. शांतपणे बसून सांगितलं की तयार व्हायच्या. (संमतीपत्र वाचून दाखवायला घाई करू नका. माझा सगळ्यात चांगला वेळ तिथेच गेला.) त्यातल्या एका मावशींनी विचारलं, "गोळी घेतली तरी जंत परत का होतात?" अल्बेंडाझोल आतले जंत मारतं, पण पुढच्या अळीला अडवत नाही, आणि शरीरही तिला पक्कं अडवायला शिकत नाही. का शिकत नाही, ते मला सांगता आलं नाही. पीएच.डी.चा विषय तिथेच ठरला.

अंडी मोजायला काटो-काट्झ पद्धत वापरायचो. साच्यात 41.7 मिलिग्रॅम नमुना बसतो. मोजलेल्या अंड्यांना 24 ने गुणलं की एका ग्रॅममधली संख्या मिळते. हुकवर्मची अंडी ग्लिसरीनमध्ये विरून दिसेनाशी होतात, म्हणून स्लाइड अर्ध्या-पाऊण तासात वाचावी लागते. शेकडो स्लाइड बघून डोळा तयार झाला.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी हाच डोळा कामी आला. माझ्या कंट्रोल उंदरांत, म्हणजे ज्यांना जंत दिलेलाच नाही त्यांच्यात, टफ्ट पेशी भरमसाट वाढलेल्या दिसायला लागल्या. चार महिने मी अँटिबॉडी बदलल्या, रंग बदलले, पेशी मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्राची सेटिंग बदलली. आतड्यातून पेशी काढताना त्या मरत असतील म्हणून पेशी सुट्या करणाऱ्या कोलॅजिनेज एन्झाइमची वेळही कमी केली. (ही अडचण खरी आहे, जंत झालेल्या आतड्यात स्राव इतका असतो की जिवंत पेशी हाती लागणं मुश्कील. सुरुवातीचे महिने यात जातात, खचू नका.) शेवटी एका संध्याकाळी कंट्रोल उंदराच्या अंधांत्रातला ताजा थेंब कोमट सलाइनमध्ये घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला. ट्रायट्रायकोमोनास! झटके देत, कडेचा पातळ पडदा लहरवत शेकड्यांनी पोहत होते. हा एकपेशीय जीव कित्येक उंदरांत गुपचूप राहतो, उंदीर आजारी दिसत नाही, पण तो सक्सिनेट नावाचं जे रसायन सोडतो त्याची चाहूल टफ्ट पेशींना लागते. माझे "निरोगी" उंदीर मुळात तसे नव्हतेच. नमुना गार पडला असता तर हालचाल थांबली असती आणि तो मला ओळखूही आला नसता.

तेव्हापासून उंदरांची नवी खेप आली की कोणताही प्रयोग सुरू करण्याआधी मी तीन-चार उंदरांच्या ताज्या लेंड्यांची ओली स्लाइड बघते.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा अभ्यास एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच धरा. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात आणि घरच्यांकडे हात पसरावा लागत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांना नीतिसमितीची मंजुरी मिळायला महिने लागतात, तेव्हा तो अर्ज रुजू झाल्याबरोबर लिहायला घ्या. आणि 10 फेब्रुवारीला, जंतनाशक दिनी, जवळच्या अंगणवाडीत आशाताईंबरोबर एक दिवस काढा. तिथल्या आया काय विचारतात, ते वहीत लिहून आणा.