पहिली एअर रायफल घेण्यापूर्वी : नाशिकच्या पालकांसाठी तयारीची यादी

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर बंदी असल्यामुळे हलकी, अचूक आणि आवाक्यातली रायफल शोधणारा नाशिककर हा बहुधा नेमबाजी शिकणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा पालकच असतो. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेल्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि या खेळाचे नाव घरोघरी पोचले. पण त्या वाटेची सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलीपासून होते, म्हणून ही यादी तेवढ्यापुरतीच आहे.

दुकानात जाण्याआधी मुलाला काही महिने क्लबच्या रायफलीवर सराव करू द्यावा आणि तो ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरण्याच्या) प्रकारात उतरणार की पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरण्याच्या) प्रकारात, हे प्रशिक्षकांकडून स्पष्ट करून घ्यावे, कारण शालेय स्पर्धांमध्ये हे दोन प्रकार वेगळे असतात आणि खरेदीची दिशा त्यावरच ठरते. ओपन साइटसाठी देशी बनावटीची स्प्रिंगची रायफल पुरेशी ठरू शकते. पीप साइटमध्ये टिकून राहायचे असेल, तर आधी भरून ठेवलेल्या हवेवर चालणारी, म्हणजे पीसीपी रायफल घेणे हिताचे. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच पिस्टनचा धक्का बसतो आणि तो सांभाळण्यातच नवख्याची शक्ती खर्च होते. पीसीपीमध्ये हा धक्का जवळजवळ नसतो, शिवाय प्रत्येक गोळीसाठी जोर लावून नळी खाली दुमडावी लागत नाही, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

बजेट ठरवताना सगळी रक्कम रायफलीवर लावू नये. वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, अँशुट्झ किंवा स्टायर या कंपन्यांची नवी मॅच (म्हणजे स्पर्धेची) रायफल लाखाच्या बरीच पुढे जाते, आणि त्यानंतर जॅकेट, बूट, हातमोजा, वर्षभराचे छर्रे व हवा भरण्याची सोय यांसाठी पैसे उरले नाहीत, तर उत्तम रायफल पेटीत पडून राहते. मध्यम बजेट असलेल्यांनी त्याच कंपन्यांचे ज्युनिअर मॉडेल किंवा चांगली वापरलेली रायफल यांचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वजनाबाबत मात्र घाई करू नये. आंतरराष्ट्रीय नियमानुसार एअर रायफलीचे वजन जास्तीत जास्त ५.५ किलो असू शकते आणि मोठे नेमबाज त्या मर्यादेच्या बरेच जवळ जातात, कारण जड रायफल कमी हलते; परंतु वाढत्या वयाच्या मुलाच्या पाठीवर एवढा भार टाकणे योग्य नाही. हलकी रायफल घ्यावी, पण तिचा तोल डाव्या हातावर नीट बसतो का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. त्यासाठी मुलाला उभ्या स्थितीत रायफल धरायला सांगावे, डोळे मिटून दोन-तीन श्वास घेऊ द्यावेत आणि मग डोळे उघडल्यावर साइट लक्ष्यावरच आहे की बाजूला सरकली आहे, ते विचारावे. मान वाकवावी लागत असेल, तर चीकपीस (गाल टेकवण्याचा भाग) वर होतो का, आणि ट्रिगरपर्यंत बोट ताणावे लागत असेल, तर बटची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबी कमी करता येते का, हे तपासावे. मूल वाढत असल्याने या दोन्ही गोष्टी पुढेही बदलता येणे आवश्यक आहे. ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा, आणि दुसरा टप्पा प्रत्येक वेळी त्याच जागी सुटावा.

अचूकतेची परीक्षा केवळ कंपनीच्या नावावर सोडू नये. १० मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा असतो आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा, छर्रा ठिपक्याला नुसता स्पर्शला तरी दहा गुण मिळतात, म्हणून सगळी छिद्रे ९.५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात मावत असतील आणि ते वर्तुळ मध्यावर असेल, तर प्रत्येक गोळी दहाची ठरते. रायफल टेकूवर पक्की ठेवून पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे छिद्रांचे पुंजके, काढावेत आणि बाहेरच्या कडा पट्टीने मोजाव्यात. जेथे दशांश गुण मोजतात, तेथे ग्रुप याहून लहान असलेला बरा. हीच चाचणी वेगवेगळ्या छर्‍यांवर करावी: चपट्या तोंडाचे मॅच छर्रे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा मापांत मिळतात, आणि एकाच नळीतून एका मापाचा ग्रुप घट्ट येतो तर दुसऱ्याचा विस्कटतो. हजारो रुपयांचे सुटे भाग बदलण्याआधी छर्‍याचा डबा बदलून पाहणे, हा मला या खेळातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय वाटतो.

वापरलेली पीसीपी रायफल घेताना हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. बहुतेक मॅच रायफलींच्या सिलिंडरची मुदत १० वर्षांची असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. रायफल स्वस्त आणि नवा सिलिंडर महाग, असा हिशेब नंतर जुळत नाही. सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत भरून रात्रभर ठेवावा, सकाळी दाब बराच उतरला तर सील गळत असावे असे समजावे. हवा भरण्याची सोय क्लबात आहे का आणि तिचा जोड आपल्या सिलिंडरला बसतो का, हेही आधीच विचारावे.

कागदपत्रांच्या बाबतीत शस्त्र नियम, २०१६ लक्षात ठेवावेत. ४.५ मिलिमीटर कॅलिबरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि मॅच रायफलीची ऊर्जा साधारण साडेसात जूलच असते. तरीही ओळखपत्राची प्रत द्यावी, रायफलीचा क्रमांक असलेले बिल घ्यावे आणि त्याची एक प्रत पेटीतच ठेवावी. जास्त ताकदीची रायफल दाखवणाऱ्या विक्रेत्याला सरळ नकार द्यावा, १० मीटरवर त्या ताकदीचा काहीही उपयोग नाही.

घरी कुलूप लागणारी पेटी आणि छर्‍यांसाठी वेगळी जागा रायफल येण्यापूर्वीच तयार ठेवावी. नाशिकच्या पावसाळ्यात पेटीतला स्पंज ओल धरतो आणि नळीला गंज चढतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सरावावरून आल्यावर रायफल पुसून, पेटी उघडी ठेवून वाळू द्यावी, आणि कापडाला तेल लावायचे असल्यास नेमके कोणते चालते, ते विक्रेत्याकडून बिलावरच लिहून घ्यावे.